‘वाइफ’मधील डिंपल : अप्रिय नायिकेची भाषा

‘वाइफ’ ही भारती मुखर्जी (१९४०–२०१७) यांची दुसरी इंग्रजी कादंबरी १९७५ साली प्रसिद्ध झाली. तिची नायिका डिंपल दासगुप्ता ही कलकत्त्यातील मध्यमवर्गीय घरातील मुलगी. अमित बसू या इंजिनीयरशी तिचा विवाह होतो, दोघे न्यूयॉर्कला जातात, आणि अखेरीस तिच्या हातून पतीचा खून होतो. या नायिकेविषयी वाचकाच्या मनात आत्मीयता उत्पन्न होत नाही. हा कादंबरीचा दोष मानावयाचा की तिची रीती, हा विचारार्ह प्रश्न आहे.

परमुलखात एकाकी पडलेल्या निरागस वधूची ही शोकांतिका होय, असा अर्थ लावणे सोयीचे आहे. त्यायोगे डिंपल दयेस पात्र ठरते आणि सारा दोष स्थलांतराच्या माथी मारता येतो. परंतु संहितेचा पुरावा या अर्थाच्या विरुद्ध जातो. दोरीवरच्या उड्या मारून ती आपला गर्भ पाडते, तो कलकत्त्यात. घरातील उंदराला ती त्वेषाने मारते, तेही कलकत्त्यातच. देश सोडण्यापूर्वीच तिच्या ठिकाणी हिंसा सिद्ध झालेली आहे. शिवाय अमित हा काही जुलमी पती नव्हे. तो कल्पनाशून्य आहे, नोकरीच्या विवंचनेत आहे, इतकेच. खुनाला पुरेसे समर्थन पुरविण्याचे लेखिकेने कटाक्षाने टाळले आहे.

मग स्थलांतराने नेमके काय घडते? याचे उत्तर डिंपलच्या भाषेत शोधावे लागते. तिचे नावच इंग्रजी. सासूला ते रुचत नाही व ती तिला नंदिनी म्हणू पाहते. विवाहाविषयीची तिची स्वप्ने मासिकांतून आणि चित्रपटांतून उचललेली. न्यूयॉर्कमध्ये त्यांची जागा दूरचित्रवाणी घेते. इच्छा तिच्या, पण त्यांना मिळणारे शब्द सदैव दुसऱ्याचे. मांस विकणाऱ्या एका ज्यू दुकानात ती चीजकेक मागते, तो प्रसंग या दृष्टीने लक्षणीय आहे. मांस आणि दुग्धजन्य पदार्थ एकत्र येऊ न देण्याचा धर्मनियम तिला ठाऊक नसतो, आणि दुकानदाराच्या रोषाने ती भेदरते. शब्द बरोबर, व्याकरणही बरोबर; प्रयोग तेवढा चुकलेला. भाषा अवगत असणे आणि त्या भाषेच्या समाजात सामावले जाणे, या दोहोंतील अंतर येथे एका वाक्यात उघडे पडते.

निवेदन तृतीयपुरुषी असूनही ते डिंपलच्या जाणिवेला चिकटून चालते. खरेदी, मेजवान्या, परपुरुषाशी संबंध आणि खून या सर्वांना एकच सपाट स्वर लाभतो. सीरियल खात बसलेल्या पतीवर सुरीचे सात वार करताना दूरचित्रवाणीवरील दृश्ये आणि प्रत्यक्ष कृत्य यांतील सीमारेषा तिच्यापुरती पुसली गेलेली असते. निवेदन तिचा धिक्कार करीत नाही, कैवारही घेत नाही.

न. चिं. केळकरांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनात मांडलेली ‘सविकल्प समाधी’ची कल्पना येथे उपयोगी पडते. पात्राशी एकरूप होत असतानाच वाचक आपले स्वत्व राखून असतो, असा तिचा आशय. बहुतेक कादंबऱ्यांत एकरूपतेचे पारडे जड असते. ‘वाइफ’मध्ये वाचकाला डिंपलच्या मनात राहावे लागते, पण तेथे विसावता येत नाही. तिच्याविषयीची अप्रीती ही अशा रीतीने वाचकाला जागे ठेवण्याचे साधन ठरते. दया आली असती, तर तिच्या उसन्या भाषेची परीक्षा करण्याचे कारण उरले नसते.

या रीतीला एक मर्यादाही आहे. डिंपलचे घरगुती व्यवहार बंगालीत होत असणार. पण संहिता सर्वस्वी इंग्रजी असल्यामुळे तिचे कोणते विचार मातृभाषेत घडतात आणि कोणते परभाषेतून येतात, हा भेद वाचकाला पुष्कळदा कळत नाही. तिच्या मनाची पोकळी ही तिची स्वतःची की अनुवादात गळून पडलेल्या भाषेची, हा प्रश्न त्यामुळे अनिर्णित राहतो. स्थलांतरितांच्या इंग्रजी कादंबऱ्यांचा अभ्यास करणाऱ्याने तो प्रत्येक वेळी नव्याने विचारला पाहिजे. मात्र नायिका प्रिय आहे की अप्रिय, एवढ्यावरून कादंबरीचे मूल्य ठरविल्यास या प्रश्नापर्यंत पोहोचताच येणार नाही.