'बंडल' स्क्रिप्ट: शिकायला उत्तम, डेटा ठेवायला नाही

कर्निघन आणि पाइक यांच्या १९८४ सालच्या 'द युनिक्स प्रोग्रॅमिंग एन्व्हायर्नमेंट' या पुस्तकात, शेलवरच्या तिसऱ्या प्रकरणात, 'बंडल' नावाची एक शेल स्क्रिप्ट आहे. जेमतेम दहा ओळींची. काम एवढंच, की दिलेल्या टेक्स्ट फाइलींचं एक गाठोडं बांधायचं. शेल शिकणाऱ्या प्रत्येकाला मी ती वाचायला सांगते. आणि संशोधनाचा डेटा तिच्यात बांधू नका, हेही सांगते. दोन्हीची कारणं बघू.

आधी ती चालते कशी? प्रत्येक फाइलसाठी ती मुख्यतः तीन गोष्टी छापते: 'इथून पुढचा मजकूर या नावाच्या फाइलमध्ये घाल' असा हुकूम, मग फाइलचा मजकूर जसाच्या तसा, आणि शेवटी 'या फाइलचा शेवट' अशी खुणेची ओळ. म्हणजे तयार होणारं गाठोडं हे स्वतःच एक शेल प्रोग्रॅम असतं. समोरच्याने ते नुसतं चालवायचं, की फाइली आपोआप सुट्या होतात. वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. गाठोडं साध्या एडिटरमध्ये उघडून वाचताही येतं. ईमेलमधून फक्त मजकूर जायचा त्या काळात हे फार सोयीचं होतं. एक प्रोग्रॅम दुसरा प्रोग्रॅम लिहितो, ही कल्पना इतक्या कमी ओळींत शिकवणारं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

आता खरी परीक्षा. समजा तुम्ही पूर्णा खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यातल्या विहिरींवर काम करताय. गावागणिक एक फाइल, त्यात क्षारांच्या नोंदी. संग्रामपूर तालुक्यातल्या एका फाइलचं नाव 'वरवट बकाल'. नावात एक जागा मोकळी आहे, आणि इथेच घोळ होतो. स्क्रिप्टमध्ये नावाभोवती अवतरणचिन्हं नाहीत. त्यामुळे मजकूर वाचताना शेल 'वरवट' आणि 'बकाल' अशा दोन फाइली शोधतं. दोन्ही नसतात. पडद्यावर तक्रार येते, पण गाठोडं तयार होतंच, आत मजकूर नसलेलं. सोडवताना 'वरवट' नावाची रिकामी फाइल बनते. त्या फोल्डरमध्ये त्या नावाची फाइल आधीच असेल, तर तीही रिकामी होते.

दुसरं, फाइलच्या शेवटच्या ओळीनंतर एंटर मारलेला नसेल तर? साध्या एडिटरमधल्या फाइलींत हे नेहमी होतं. मग खुणेची ओळ शेवटच्या आकड्याला चिकटते आणि शेलला ती ओळखू येत नाही. त्यापुढच्या सगळ्या फाइली पहिलीच्याच पोटात जातात. बॅश इशारा देतो, पण फाइल बनवतोच.

तिसरं, खुणेसारखीच ओळ मजकुरात आली, तर तिच्यानंतरचा मजकूर हुकूम म्हणून चालतो. लेखकांनी ही अडचण पुस्तकात मान्य केली आहे, आणि असं क्वचितच घडेल असं त्यांचं मत. मला ते इथे पटत नाही. स्वतःच्या टेबलावर 'क्वचित' चालतं. दहा वर्षांनी दुसऱ्या कुणीतरी उघडायच्या डेटात नाही. शिवाय गाठोडं उघडणं म्हणजे अनोळखी प्रोग्रॅम चालवणं. आत फाइली पुसण्याचा हुकूम कुणी घातला असेल, तर तोही बिनबोभाट पाळला जातो.

लेखकांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. तेव्हा युनिक्सवर फाइलच्या नावात मोकळी जागा सहसा कुणी ठेवत नसे, आणि ही स्क्रिप्ट आहे शिकवण्यासाठी. पुढे याच कल्पनेवरच्या 'शार' गाठोड्यांत प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक जादा अक्षर लावायची पद्धत आली, म्हणजे मजकूर खुणेशी जुळूच शकत नाही. सोडवल्यावर बाइटही मोजून बघितले जात.

मोजणं हाच मुद्दा आहे. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्ससोबत आलेला 'टार' खूण शोधत बसत नाही. प्रत्येक फाइलआधी ५१२ बाइटचं शीर्ष असतं, त्यात नाव आणि आकार लिहिलेला. तेवढे बाइट मोजून घ्यायचे. आत काय लिहिलंय याच्याशी देणंघेणं नाही. टारही निर्दोष नाही. जुन्या शीर्षात नावाला १०० बाइट मिळतात, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, मात्रासुद्धा. म्हणजे जेमतेम ३३ चिन्हं. नव्या प्रकारांनी ही मर्यादा उठवली आहे. टारची बेरीज-तपासणीही फक्त शीर्षापुरती असते, आतल्या आकड्यांची नाही.

म्हणून करायचं काय? 'बंडल' स्वतःच्या हाताने टाइप करा, वरच्या तिन्ही प्रकारे मोडून बघा, आणि अवतरणचिन्हं घालून सुधारा. त्यात जे शिकाल ते कुठल्याही वर्गात मिळणार नाही. डेटा मात्र टारमध्ये ठेवा, प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ ठसा वेगळ्या यादीत लिहा, आणि रिकाम्या फोल्डरमध्ये एकदा सोडवून तो ठसा जुळतोय का ते बघा. हे झाल्याशिवाय मूळ फाइल पुसू नका. स्क्रिप्ट पुन्हा लिहिता येते. गेल्या मे महिन्यातलं विहिरीचं पाणी पुन्हा मोजता येत नाही.