एका मात्रेचे श्रेय

क्रिप्टोकॉकस या बुरशीने होणारा मेंदूच्या आवरणांचा दाह एचआयव्हीग्रस्तांस वारंवार प्राणघातक ठरतो. त्यावरील ‘अँबिशन’ चाचणी आफ्रिकेतील पाच देशांत होऊन तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. लिपोसोमल अँफोटेरिसिन दर किलो वजनास १० मिलिग्रॅम एकदाच देऊन सोबत फ्लुसायटोसीन व फ्लुकोनॅझोल १४ दिवस चालविले, त्या गटात दहा आठवड्यांत २४.८ टक्के रुग्ण दगावले. साधे अँफोटेरिसिन सात दिवस शिरेवाटे दिलेल्या गटात २८.७ टक्के. गंभीर उपद्रवही पहिल्या गटात कमी आढळले. ही सिद्धी मोठीच होय.

तथापि हिला ‘एका मात्रेचा विजय’ म्हणणे तर्कशुद्ध नाही. दोन्ही गटांत मात्रेबरोबरच औषधाचे रूप आणि जोडऔषधांचा क्रमही भिन्न होता. श्रेय कोणाचे किती, हे या रचनेतून निवडून काढता येत नाही. अधिक सावधगिरी हवी ती सामान्यीकरणात. २००७ च्या ‘अँबिलोड’ चाचणीत, रक्ताच्या कर्करोगाने दुर्बल झालेल्या रुग्णांतील मुख्यतः अ‍ॅस्परजिलसच्या संसर्गावर, पहिले १४ दिवस रोज १० मिलिग्रॅम देऊनही ३ मिलिग्रॅमहून अधिक लाभ दिसला नाही. मूत्रपिंडांची इजा मात्र वाढली. मात्रा ठरावी ती रुग्ण, बुरशी व रोगस्थान या तिहींवरून. एका यशस्वी आकड्यावरून नव्हे.