‘महास्फोट’ : एका रूढ संज्ञेची चिकित्सा

मराठीतील लोकप्रिय खगोललेखनाचे मूल्यमापन करताना समीक्षक सामान्यतः माहितीची अचूकता आणि भाषेची सुबोधता या दोन निकषांवर थांबतो. रूढ झालेली संज्ञा वाचकाच्या मनात कोणते चित्र उभे करते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. ‘महास्फोट’ ही संज्ञा या दृष्टीने तपासण्याजोगी आहे.

मूळ इंग्रजी नाव फ्रेड हॉईल यांनी १९४९ मध्ये बीबीसीवरील नभोवाणी भाषणात वापरले. ते स्वतः स्थिर स्थिती सिद्धान्ताचे पुरस्कर्ते. विश्वाला आरंभ असल्याची कल्पना त्यांना अमान्य होती. त्या नावात बोलीभाषेतील एक हलकेपणा आहे. मराठीत ‘मोठा धडाका’ म्हटले असते तर तो काही अंशी टिकला असता. आपण संस्कृतप्रचुर शब्द योजला आणि त्याला नसलेले गांभीर्य दिले. वास्तविक ‘स्फुट्’ या धातूत फुटण्याबरोबर उमलण्याचाही अर्थ आहे. आजच्या वाचकाला मात्र ‘स्फोट’ म्हणताच सुरुंग आणि बॉम्बच आठवतात.

सुरुंगाचा स्फोट एका ठिकाणी होतो, भोवती आधीपासून मोकळी जागा असते आणि तुकडे त्या जागेत फेकले जातात. या तिन्ही गोष्टी विश्वाच्या प्रसरणाला लागू पडत नाहीत. तेथे केंद्र नाही. दीर्घिकांमधील अवकाशच ताणले जाते. ‘हा स्फोट नेमका कुठे झाला?’ हा प्रश्न विद्यार्थी दरवर्षी विचारतात आणि तो अज्ञानातून आलेला नसतो. आपणच दिलेल्या शब्दावरून काढलेले ते तर्कशुद्ध अनुमान असते.

याचा खरा त्रास आकड्यांपाशी जाणवतो. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे, तर दृश्य विश्वाची त्रिज्या सुमारे ४६०० कोटी प्रकाशवर्षे, अशी दोन विधाने एकाच लेखात शेजारी आढळतात. प्रकाशापेक्षा वेगाने काहीही धावत नाही, हे वाचकाने आधीच्याच परिच्छेदात वाचलेले असते. मग हा हिशेब जुळावा कसा? प्रकाश वाटेत असताना ती वाटच लांबत होती; ज्या प्रदेशातून तो निघाला, तो प्रदेश आज कितीतरी दूर गेला आहे, एवढे स्पष्टीकरण पुरेसे आहे. परंतु स्फोटाच्या रूपकात त्याला जागाच उरत नाही. लेखक आकडे देऊन पुढे सरकतो आणि वाचक स्वतःच्या आकलनशक्तीला दोष देतो. फुगणाऱ्या फुग्यावरील ठिपक्यांचा दृष्टान्त अधिक उपयुक्त खरा, पण फुग्याचा केवळ पृष्ठभागच विचारात घ्यायचा, आतली पोकळी नव्हे, हे सांगायचे बहुधा राहून जाते.

या पार्श्वभूमीवर डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या लेखनाचे वेगळेपण जाणवते. केंब्रिजमध्ये ते हॉईल यांचे विद्यार्थी होते. १९९३ मध्ये हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी स्थिर स्थितीचे सुधारित रूप मांडले. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांनी ते स्वीकारले नाही. ‘आकाशाशी जडले नाते’ या ग्रंथाच्या लेखकाला महास्फोट हा प्रश्नचिन्हासह वापरायचा शब्द होता. मराठी वाचकाला विश्वाची ओळख करून देणारा सर्वांत विश्वसनीय लेखक प्रचलित सिद्धान्ताचा टीकाकार असावा, हा योग विलक्षण म्हणावा लागेल.

त्याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. १९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांनी प्रसिद्ध केलेल्या सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारणाच्या शोधानंतर पुराव्याचे पारडे महास्फोटाकडे निर्विवाद झुकले होते. तज्ज्ञांमधील बलाबल ठाऊक नसलेल्या वाचकाला दोन्ही पक्ष तुल्यबळ वाटण्याचा धोका अशा लेखनात राहतो. तरीही प्रस्तुत लेखकाच्या मते हा धोका पत्करण्याजोगा आहे. ज्याला शंका माहीत आहे, तो वाचक पुरावा मागतो. ज्याला केवळ स्फोट माहीत आहे, तो त्याचे ठिकाण विचारत राहतो.