‘मुम्भाई’मधला भाई

1998 साली जावेद जाफरी घराघरांत ओळखले जात ते दूरचित्रवाणीमुळे. ‘मेरी जंग’ (1985) मागे पडला होता. 1996 पासून सोनीवर ‘बूगी वूगी’ गाजत होते. त्या वर्षी कैझाद गुस्ताद यांच्या ‘बॉम्बे बॉईज’मध्ये त्यांनी ‘मुम्भाई’ हे रॅप म्हटले. अलिशा चिनॉय यांच्या ‘मेड इन इंडिया’ने (1995) पॉप संगीताला बाजार मिळवून दिला होता आणि अनेक ओळखीचे चेहरे त्या वाटेला लागले होते. गायक म्हणून जाफरी लक्षात राहिले ते या एकाच गाण्यापुरते.

आम्हांला ते महत्त्वाचे वाटते ते त्यातील बोलीमुळे. कुंभवलीच्या नाक्यावर, तारापूर एमआयडीसीची पाळी सुटते तेव्हा, आझमगढचा आणि पालघरचा कामगार हीच बोली बोलतात. तिच्यात ‘वाट लगना’ आहे, ‘बोंब मारना’ आहे; म्हणजे हिंदीच्या अंगरख्याखाली मराठी हाडे आहेत. 1990 साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपल्या चर्चा उर्दू की मराठी या प्रश्नाभोवती फिरत राहिल्या. आपली पोरे रस्त्यावर बोलतात त्या तिसऱ्या भाषेला मंचावर खुर्ची मिळाली नाही. ती एका विनोदी नटाने दिली.

पण कोणाच्या तोंडून? गुंडाच्या. आपल्या घरात भाई म्हणजे थोरला भाऊ. 1992-93 च्या दंगली आणि बॉम्बस्फोटांनंतर त्याच शब्दाच्या कमरेला पिस्तूल लावले गेले, आणि गाण्याची सारी गंमत नेमक्या त्या शब्दश्लेषावर उभी आहे. जाफरी भाईगिरीची खिल्ली उडवतात, हे मान्य. परंतु हसणारा श्रोता खिल्ली विसरतो, प्रतिमा घरी नेतो. जाफरींचे वडील जगदीप यांचा सूरमा भोपाली (‘शोले’, 1975) आठवावा. दोन पिढ्या मुसलमानाची बोली पडद्यावर आली ती हशा घेऊनच! दोष एकट्या नटाचा नाही. दुसरे दार उघडे होते कुठे?

पुढे जाफरींनी ‘ताकेशीज् कॅसल’च्या निवेदनात अशाच बोलीने मुलांना हसवले. तिथे ती निरुपद्रवी आणि मोकळी वाटते. रॅपकडे मात्र ती परतली 2014 साली, कुर्ल्याच्या नावेद शेखच्या, म्हणजे नेझीच्या, ‘आफत’मधून. चित्रण आयपॅडवरचे, वस्ती त्याची स्वतःची, आणि बोलणारा कोणाची नक्कल करत नव्हता.