पायाने मिटणारी झांज

जॅझमधील ढोलवादन म्हणजे केवळ गोंगाट, असा समज येथे भोपाळातील आमच्या मंडळींत अजून ऐकू येतो. 'हाय-हॅट' या एका वाद्याकडे जरी नीट कान दिला, तरी तो टिकणार नाही, असे आमचे मत आहे.

उभ्या दांडीवर समोरासमोर बसविलेल्या काशाच्या दोन थाळ्या, आणि खाली पायपट्टी. पाऊल दाबले की थाळ्या मिटतात, सैल सोडले की उघडतात. वरून काडी वाजत असता पाऊल नादाला आवर घालते. देवळात सुवारीच्या वेळी घुमट-शामेळाच्या जोडीला ज्यांनी कांसाळें हाती घेतले आहे, त्यांस निराळे सांगणे नलगे. झांज आपटणे कोणासही साधते. तिचा नाद केव्हा कोंडावा, हे थोड्यांस.

काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदातील जो जोन्स (1911–1985) यांनी मोठ्या ढोलाकडचे लयीचे ओझे या थाळ्यांवर आणले. 1936 साली शिकागोत लेस्टर यंग यांचे पहिले ध्वनिमुद्रण झाले, त्यात जोन्स यांच्यापाशी मोठा ढोल नव्हताच. तरी लय कोठे उणी भासत नाही. पहिल्या मात्रेस थाळ्या किंचित उघड्या, दुसरीस मिटलेल्या. तिसरीस पुन्हा उघड्या, चौथीस मिटलेल्या. उघडा नाद रेंगाळतो, मिटलेला तुटतो, आणि तेवढ्यातून झोका उत्पन्न होतो.

भोपाळच्या ध्रुपद केंद्रात 1981 पासून झिया फरिदुद्दीन डागर यांनी शिष्य घडविले. तेथील चौतालास सरावलेल्या कानाची येथे थोडी फसगत होते. चौतालात तिसऱ्या व सातव्या मात्रेस खाली, म्हणजे हात वाजत नाही. पहिलीवर सम, ती ठसठशीत. जॅझमध्ये पावलाची चिमटी नेमकी दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर पडते. सम कोणीतरी उचलून नेल्यासारखी वाटते! पुढे टोनी विल्यम्स यांनी 1960 नंतरच्या दशकात चारही मात्रांवर पाऊल मिटविण्यास आरंभ केला. त्याने आवेश वाढला, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ती उघडमीट गेल्याची चुटपुट लागतेच.

हा ठेका आपल्यास अगदीच परका नाही. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त (1951) गोव्याचे चिक चॉकलेट आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतात.

आता कित्येक देवळांत आरतीस विजेचे यंत्र नगारा, घंटा आणि झांज एकदम बडवते. भाविकांचे हात मोकळे झाले, ही सोय खरी. पण त्या झांजेस अर्धवट उघडणे ठाऊक नाही; पहिला ठोका तसाच शेवटचा. ज्या गोंगाटाचा दोष आपण जॅझला देतो, तो आपण वीज लावून गाभाऱ्यासमोर आणला आहे.

मॅक्स रोच (1924–2007) हे जोन्स यांच्या गौरवार्थ केवळ या दोन थाळ्यांवर एकल वादन करीत. ढोल नाही, साथ नाही. जिज्ञासूंनी ते अवश्य ऐकावे, आणि काडीपेक्षा पावलाकडे अधिक लक्ष ठेवावे.