'जान पहचान हो' : गाणं राहिलं, नावं बुडाली



आजचा विषय एकच गाणं आहे. १९६५ सालच्या 'गुमनाम' या हिंदी चित्रपटातलं 'जान पहचान हो'. 'गुमनाम' म्हटलं की आपल्याकडे लताबाईंचं शीर्षकगीत आठवतं, नाहीतर मेहमूदचं लुंगी नेसून केलेलं गाणं. हे गाणं सहसा कुणी काढत नाही. आम्ही मात्र त्याच्या प्रेमात पडलो आहोत. आणि प्रेमात पडलेल्याने 'काय गाणं आहे!' एवढ्यावर थांबू नये, का आवडलं ते सांगावं.

आधी गाणं. क्लबमधला रंगमंच. गिटार सुरू होते, ड्रम येतात, पितळी वाद्यांचा मारा सुरू होतो आणि त्यात रफीचा आवाज उडी घेतो. मराठी श्रोत्याला रफी म्हणजे श्रीकांत ठाकरे यांच्या चालीतला शांत, समजावणारा गळा. इथे तोच गळा जवळजवळ ओरडतो, दम लागेल अशा वेगात शब्द फेकतो, आणि तरी सूर जागचा हलत नाही. समोर लक्ष्मी छाया नाचते. झालरीचा सोनेरी पोशाख, डोळ्यांवर मुखवटा, मानेला असे हिसके की बघणाऱ्याची मान दुखावी.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की ही साहेबाची नक्कल आहे. ताल उसना आहे, हे खरंच. रॉक अँड रोल काही मुंबईत जन्मलं नाही. पण गाणं चित्रपटात कुठे बसवलंय ते बघा. तुम्ही तमाशा पाहिलेली माणसं, नारायणगाव इथून लांब नाही. आधी गण, मग गवळण, बतावणी, रंगबाजी, आणि त्यानंतर वग. रंगबाजीचा वगाशी संबंध असायलाच हवा असं नाही. तिने प्रेक्षकाला जागेवर खिळवायचं असतं. 'गुमनाम'मध्ये हे गाणं असंच सुरुवातीला येतं. ते संपतं, सोडत निघते, सात जणांना सहलीचं बक्षीस लागतं, आणि मग खरा वग: निर्जन बेटावर एकेकाचा खून. दिग्दर्शक राजा नवाथे मराठी होते. त्यांनी हे तमाशावरून उचललं असा आमचा दावा नाही. पण ही मांडणी पचवायची सवय आपल्या प्रेक्षकाला होती, हे नक्की.

पण रंगबाजीपेक्षा इथे एक गोष्ट जास्त आहे. गाण्याचा अर्थ साधा: माणसा-माणसांची ओळख झाली तर जगणं सोपं होईल. हे कुठे म्हटलं जातंय? नाचणाऱ्यांच्या डोळ्यांवर मुखवटे आहेत. समोर बसलेल्यांत थोड्या वेळाने मरणाच्या दारात जाणारी माणसं आहेत. आणि चित्रपटाचं नाव काय, तर निनावी! नुसतं कानांनी ऐकलं तर हे मजेचं गाणं आहे. चित्रपटात, त्याच्या जागी पाहिलं तर अंगावर काटा येतो. आमचं प्रेम बसलं ते या दुसऱ्या वेळी.

आता या गाण्याचा पुढचा प्रवास. २००१ साली अमेरिकेत टेरी झ्विगॉफ यांचा 'घोस्ट वर्ल्ड' आला. त्याची सुरुवातच या गाण्याने होते. एनिड नावाची मुलगी आपल्या खोलीत 'गुमनाम'ची टेप लावून बेभान नाचते. २०११ मध्ये एका बिअरच्या जाहिरातीत ते जगभर वाजलं. मग आपल्याकडेही काहींना ते 'भारी' वाटू लागलं. बाहेरून शिक्का बसल्यावर घरचं आवडायचं, ही आपली जुनी खोड.

पण त्या चित्रपटात एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. एनिड पुढे स्किप जेम्स या कृष्णवर्णीय गायकाचं १९३१ सालचं ब्लूज ऐकते, पुन्हा पुन्हा ऐकते, आणि ज्याच्याकडून ती रेकॉर्ड घेतली त्याच्याकडे असं आणखी काही आहे का म्हणून चौकशी करते. आपल्या गाण्याबद्दल ती अशी चौकशी करत नाही. ते तिच्या खोलीतली एक रंगीत चीज होऊन राहतं. आवडणं आणि ओळख करून घेणं यांतला फरक तो हाच.

मग आपणच विचारू या. ड्रमवर नाव दिसतं ते टेड लायन्स अँड हिज कब्ज या मुंबईच्या बँडचं. पडद्यावर ओठ हलवणारे हर्मन बेंजामिन. नाच बसवला तोही त्यांनीच. संगीत शंकर-जयकिशन यांचं. त्यांचे वाद्यवृंद-संयोजक सेबॅस्टियन डिसूझा आणि तालाची बाजू सांभाळणारे दत्ताराम, दोघेही गोव्याकडचे. लक्ष्मी छाया तेव्हा सतराच्या आसपासची पोर. तिला २००४ मध्ये मरण आलं. तोवर हे गाणं सातासमुद्रापार गेलेलं होतं. आणि ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवणारे? रेकॉर्डच्या वेष्टनावर त्यांना जागा नव्हती.

तुमच्या तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. गाव बुडालं, नाव राहिलं. या गाण्याचं उलटं झालं: गाणं राहिलं, नावं बुडाली. ज्या गाण्याने ओळख मागितली त्याच्याच माणसांची ओळख आपण ठेवली नाही, ही आमची खरी बोच आहे.

पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतील, सुपाऱ्या ठरतील. पाटीवर फडाचं नाव मोठ्या अक्षरांत असतं. ढोलकीवाल्याचं विचारावं लागतं. या जत्रेत ते विचारा, आणि लक्षात ठेवा. एवढं सांगून आम्ही थांबतो.