नामांकन कोणाचे, पात्रता कोणी ठरविली?

ऐरोली, दिघा, रबाळे या पट्ट्यातली जी मुले माझ्या वर्गात असतात, ती सिनेमावर पोटतिडकीने भांडतात. पुरस्कार जाहीर झाले, की ‘हा पात्र, तो अपात्र’ अशी वाटणी सुरू होते. 24 ऑगस्ट 2023 रोजी 2021 सालचे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले. ‘पुष्पा’साठी अल्लू अर्जुन सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरला, ‘द काश्मीर फाइल्स’ला राष्ट्रीय एकात्मतेचा नर्गिस दत्त पुरस्कार मिळाला आणि ‘जय भीम’चे नाव यादीत कोठेच नव्हते. ‘सर, हा अन्याय नाही का?’ हा प्रश्न मला तेव्हा विचारला गेला, आजही विचारला जातो. त्याचे उत्तर नुसते होय किंवा नाही असे देऊन भागणार नाही. कारण त्या प्रश्नाच्या पोटात एक शब्द दडलेला आहे आणि त्याची झडती घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. तो शब्द म्हणजे पात्रता.

हा शब्द आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. राखीव जागांच्या प्रत्येक वादात तो ‘गुणवत्ता’ हे नाव घेऊन आपल्या अंगावर आला. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. नोकरीला लागलो तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मी काय शिकवतो हे विचारले नाही. माझी जागा कोणत्या बिंदूवरची, एवढेच विचारले. दलित साहित्याच्या वाट्याला हेच आले. प्रस्थापित समीक्षेने त्यातला अनुभव ‘दाहक’ म्हणून गौरविला आणि कलामूल्याची गोष्ट निघताच हात आखडता घेतला. आनंदाची जुनी फूटपट्टी या साहित्याला लागू पडत नाही, हे सांगण्यासाठी शरणकुमार लिंबाळे यांना 1996 साली ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ लिहावे लागले. एवढी किंमत मोजून जी माणसे फूटपट्टीचा संशय घ्यावयास शिकली, त्यांनी सिनेमाच्या पुरस्कारापुढे तीच फूटपट्टी निर्मळ मानावी, हे मला पटत नाही.

पात्रता कशी घडते ते पाहा. जानेवारी 2022 मध्ये ‘जय भीम’ ऑस्करच्या यादीत आला, अशी बातमी पसरली. पेढे वाटायचे तेवढे राहिले होते. ती यादी होती 276 चित्रपटांची. प्रदर्शन, लांबी, अर्ज यांच्या अटी ज्यांनी पुऱ्या केल्या, ते सारे तिच्यात होते. गुणदोषांचा निवाडा तेथे झालेलाच नव्हता. 8 फेब्रुवारीला नामांकने आली, त्यांत ‘जय भीम’ नव्हता आणि हळहळ सुरू झाली. भारताने त्या वर्षी अधिकृतपणे पाठविलेला चित्रपट तर ‘कूळांगल’ हा दुसराच तमिळ चित्रपट होता. एका देशाकडून एकच चित्रपट जातो आणि तो फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाची समिती निवडते. पुढे अमेरिकेत खेळ लावणे, मतदारांपर्यंत पोहोचणे, जाहिरात करणे हे सारे पैशाचे काम. 2004 साली ‘श्वास’ निवडला गेला, तेव्हा या खर्चासाठी लोकांतून पैसा उभा करावा लागला होता. राष्ट्रीय पुरस्कारांत तर नामांकनांची यादीही जाहीर होत नाही. माहिती व प्रसारण मंत्रालय परीक्षक नेमते आणि आपल्यापुढे येतो तो निकाल. कोण कोणापुढे हरला, हे कळावयास मार्ग नाही. पात्रता आकाशातून पडत नाही. तिच्यामागे नेमणूक असते, नियम असतात, पैसा असतो.

पण समितीला दोष देऊन आपली सुटका होत नाही. 2016 साली ‘सैराट’ला डावलून ‘विसारणै’ पाठविला म्हणून आपल्याकडे पुष्कळ जण चिडले. परमुलखात पोटासाठी गेलेल्या तमिळ मजुरांना पोलीस कोठडीत कसे ठेचले जाते, त्याचा तो चित्रपट. तो पाहूनही ज्याला केवळ ‘आपला’ चित्रपट हरल्याचे दुःख झाले, त्याची अस्मिता भाषेच्या कुंपणापाशीच अडली, असे म्हणावे लागेल.

आणि नामांकन मिळाले, तर प्रश्न मिटतो काय? ‘जय भीम’ वगळला गेला त्याच 2022 साली ‘रायटिंग विथ फायर’ या माहितीपटाला ऑस्कर नामांकन मिळाले. उत्तर प्रदेशातील ‘खबर लहरिया’ या वृत्तपत्रात काम करणाऱ्या दलित स्त्री-पत्रकारांवरचा तो माहितीपट. आपण टाळ्या वाजविल्या. सोहळ्याच्या काही दिवस आधी खुद्द ‘खबर लहरिया’ने निवेदन काढले. माहितीपट प्रभावी आहे हे त्यांनी मान्य केले. पण आमचे काम एकाच राजकीय पक्षाभोवती फिरते असे त्यात दिसते आणि ते खरे नाही, असे बजावले. ज्यांच्या जगण्यावर नामांकन मिळाले, त्यांनाच आपले चित्र अपुरे वाटले. पात्र-अपात्रतेच्या कोणत्या वादात या आक्षेपाला जागा आहे?

म्हणून मला वाटते, आपली कसोटी आपण घडवावी आणि ती आधी आपल्या आवडत्या चित्रपटांना लावावी. कॅमेरा कोणाबरोबर चालतो? सोसणाऱ्याला केवळ अश्रू दिले आहेत, की बुद्धी आणि निर्णयही? या कसोटीवर ‘जय भीम’ काही ठिकाणी उजळतो. पोलीस प्रमुखाने देऊ केलेली भरपाई सेंगणी नाकारते, तेथे तिचा निर्णय तिचा आहे. शेवटी तिची लहान मुलगी वकिलासमोर पायावर पाय टाकून वर्तमानपत्र उघडते, ते दृश्यही विसरता येत नाही. परंतु वकील आल्यापासून चित्रपट बव्हंशी त्याच्याबरोबर चालतो आणि इरुळर वस्ती मागे राहते. नायकाच्या तेजाने पीडित झाकला जातो, ही जुनी खोड आहे. शीर्षकात आपली घोषणा आहे म्हणून ती माफ करण्याचे कारण नाही.

‘फँड्री’तला जब्या शेवटी दगड भिरकावतो, तो थेट आपल्यावर, पाहणाऱ्यावर. ‘कोर्ट’मधल्या शाहिराची भूमिका वीरा साथीदार यांनी केली, ते स्वतः चळवळीतले कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’चे संपादक. 2021 मध्ये ते गेले. या दोन्ही चित्रपटांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले आहेत. मग तेव्हाचे परीक्षक न्यायी आणि नंतरचे अन्यायी, असे म्हणावयाचे काय? पुरस्कार मिळाल्याने हे चित्रपट मोठे झाले नाहीत, आणि न मिळाल्याने ‘जय भीम’ लहान झाला नाही.

याचा अर्थ पुरस्कारांकडे पाठ फिरवावी असा नाही. तो जनतेच्या पैशाने दिला जाणारा सन्मान आहे. परीक्षक कोण, ते कसे नेमले, कोणते चित्रपट विचारात घेतले, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे आणि तो बजावलाच पाहिजे. पण हक्क मागणे वेगळे आणि शाबासकीसाठी ताटकळणे वेगळे. ऐरोलीत बाबासाहेबांचे स्मारक आहे, त्यात ग्रंथालय आहे. अन्याय झाला म्हणणाऱ्या मुलांना मी एवढेच सांगतो, की तेथे बसा आणि त्या चित्रपटावर दोन पाने लिहून आणा; तो का मोठा आणि कोठे उणा, दोन्ही लिहा. आजवर पाच-सहा जणांनी आणली. त्यांतल्या एका मुलीने सेंगणीवर लिहिले आहे, आणि तिच्या दोन पानांत वकिलाचे नाव एकदाही आलेले नाही.